आकड्याआधीची रेघ

गुरुवारी सकाळी साडूंचा फोन आला. अठरा वर्षांत त्यांनी मला स्वतःहून केलेला हा तिसरा फोन असावा. आधीचे दोन चुकून लागले होते.

"पंडित, सासऱ्यांचं ते गाडीचं पुस्तक तुमच्याकडेच आहे ना? घेऊन या जरा. गाडी बंद पडलीय आणि रविवारी रॅली आहे."

मी बरं म्हणालो. मी बहुतेक वेळा "बरं"च म्हणतो.

साडूंना सगळे कॅप्टन म्हणतात. ते सैन्यात कधी नव्हते, बोटीवरही नव्हते. त्यांचं फरशांचं दुकान होतं. पुढे जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष झाले, सोनेरी पट्टीची टोपी घालू लागले, आणि त्या टोपीला साजेसं काहीतरी म्हणणं लोकांना भाग पडलं. दर वर्षी रॅलीत पहिली गाडी त्यांचीच असते, गडद हिरवी, गोल दिव्यांची. खरं म्हणजे ती आमच्या सासऱ्यांची.

सासऱ्यांना दोन मुली. "थोरली सापडेल आरशासमोर आणि धाकटी गाडीखाली," असं ते सांगत. धाकटी म्हणजे माझी बायको. बाराव्या वर्षी ती वडिलांनी न मागता नेमका हवा तो पाना पुढे करायची. अठरा वर्षांपूर्वी सासरे गेल्यावर महिन्याभराने वाटणीला बसलो तेव्हा तिने घर मागितलं नाही, दागिने मागितले नाहीत. "मला बाबांची गाडी द्या," एवढंच म्हणाली.

कॅप्टन खुर्चीत मागे रेलले. "धाकटीला द्यायची म्हणजे या पंडितांना द्यायची. यांना घरातला बल्ब बदलता येत नाही. हे गाडीत बसून पुस्तक वाचतील, आणि पावसाळ्यात आत पुस्तकं वाळत घालतील."

सगळे हसले. मीही हसलो.

गाडी त्यांच्या पोर्चमध्ये गेली. आयत्या बिळावर नागोबा. चौथ्या दिवशी बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही कशाला हसलात?" मी पुसलेली भांडी फडताळात लावत राहिलो. तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, हे जास्त वाईट.

बसमध्ये हातात छापील काही असलं की माझ्याने राहवत नाही. कॅप्टनकडे जाताना मी ते पुस्तक चाळलं. पान बावन्नवर चौकटीत एक सूचना होती: या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे, विजेचं कोणतंही नवं सामान बसवताना याची नोंद घ्यावी. मला त्यातून फारसं काही कळलं नाही. चौकट मात्र लक्षात राहिली.

पोर्चमध्ये गाडीची डिकी उघडी होती आणि मेकॅनिक कमरेपर्यंत आत गेला होता. तिशीचा, स्वच्छ नखांचा माणूस. नव्या गाड्यांना लॅपटॉप लावून तो बिघाड ओळखतो, म्हणून त्याचं नावच लॅपटॉप पडलं होतं. या गाडीला लॅपटॉप लावायला जागाच नव्हती, त्यामुळे तो थोडा अवघडलेला दिसत होता.

"इंजिन पुढे, टाकी मागे," त्याने मला समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. "मधे पेट्रोल ढकलायला हा पंप. किल्ली फिरवली की टकटक करतो, पुढे पेट्रोल भरलं की गप्प होतो. हा टकटक करायचाच बंद झाला. म्हणून काल नवा टाकला, इलेक्ट्रॉनिक. तर तो लावल्या लावल्या मेला."

"परदेशी माल," कॅप्टन म्हणाले. "दोन मागवले होते ते बरं. आता दुसरा लावतोय."

लॅपटॉपने आधी तारेला दिव्याची पिन लावली. दिवा लागला. "करंट येतोय." मग मीटर काढला, लाल पिन तारेला, काळी बॉडीला लावली. "बारा. ओके."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. नुसते बारा नव्हते. बाराच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती.

एकेचाळीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, बायकोच्या मावश्यांमध्ये माझा कायम गोंधळ होतो, पण कागदावर नको तिथे पडलेली रेघ मला दाराबाहेरूनही दिसते. आणि मला चौकट आठवली. प्लस बॉडीला. म्हणजे काळी पिन जिथे टेकली होती ते प्लस, आणि लाल पिन होती मायनसवर. दिव्याला याचं काही नसतं, तो दोन्हीकडून लागतो. पण पंप?

अर्थात हा माझा तर्क. माझे तर्क आयुष्यात बऱ्याचदा चुकलेले आहेत.

"आकड्याआधी ती... रेघ आहे," मी म्हणालो.

"पिना उलट्या पकडल्या की येते, काका." लॅपटॉपने पिनांची अदलाबदल केली. रेघ गेली. "बघा."

"काय म्हणतायत पंडित?" कॅप्टननी विचारलं.

"पान बावन्नवर बॅटरीबद्दल एक सूचना..."

"अहो, बिघडलाय पंप. बॅटरी ठणठणीत आहे. पुस्तकं वाचून गाड्या चालल्या असत्या तर रॅलीत पहिला नंबर ग्रंथपालाचा आला असता." त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, चार पानं अशी फरफरवली की त्यांना फक्त वायरिंगचा नकाशा दिसला, आणि परत दिलं. "मुंग्यांची रांग नुसती. न्या परत."

मी आणखी एकदा सांगायला हवं होतं का? मोठ्याने? मी तोंड उघडलं होतं, हे खरं. पण तेवढ्यात लॅपटॉपने नव्या पंपाची लाल तार जोडली, काळी बॉडीला आवळली आणि कॅप्टननी किल्ली फिरवली. बारीकसा चर्र आवाज आला. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि पंपाच्या टोपणातून धुराचा एक धागा.

"माल डुप्लिकेट," लॅपटॉप म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"तिसरा मागव. रविवारी सकाळपर्यंत इथे पाहिजे."

निघताना मला कोपऱ्यात चिंध्यांवर पडलेला जुना पंप दिसला, सासऱ्यांच्या वेळचा. "हा मी नेऊ का?"

"न्या, न्या. पेपरवेट करा," कॅप्टन म्हणाले, आणि लॅपटॉपसुद्धा हसला.

या वेळी मी हसलो नाही. पण ते कोणाच्या लक्षात आलं नसावं.

घरी बायकोने पंप हातात घेतला आणि गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. माझ्या बंद स्कूटरची बॅटरी ओढत आणली. "वाचा," म्हणाली. मी पुस्तक वाचत गेलो, ती करत गेली. खरं तर मी वाचायच्या आधीच ती करत होती. मला वाईट वाटू नये म्हणून थांबत होती.

तिने बॅटरीच्या दोन तारा पंपाला टेकवल्या. काही नाही. मग पान्याच्या मुठीने पंपाच्या कुशीत हलकेच ठोकलं. टक्. एकदाच.

"मेला नाहीये," ती म्हणाली. "अडकलाय."

वरचं काळं टोपण काढलं. आत मसुराएवढे दोन ठिपके, एकमेकांवर आपटून वीज जोडणारे आणि तोडणारे. जळून काळे पडले होते.

"बाबा दर वर्षी साफ करायचे. यांनी अठरा वर्षांत टोपण उघडलेलं नाही. बाहेरून मात्र रंग दिलाय बघा." बारीक पॉलिश पेपरची चिंधी दोन ठिपक्यांमध्ये धरून तिने चार वेळा ओढली, मग कोरा कागद ओढला. पंप उलटा करून आतला पडदा बोटाने दाबून पाहिला. तो शाबूत होता. एक नळी रॉकेलच्या वाटीत, दुसरी रिकाम्या वाटीत. तारा टेकवल्या.

टक टक टक टक. रॉकेल एका वाटीतून दुसऱ्या वाटीत उड्या मारत जाऊ लागलं. तिने तारांची अदलाबदल केली. तरीही टक टक टक.

"याला उलटं-सुलटं कळत नाही," ती म्हणाली. "नव्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला कळतं. बाबांच्या गाडीत बॉडी म्हणजे प्लस. काळी तार बॉडीला लावली की नवा पंप जळणारच. पण मला कोणी विचारलंय?"

मी तिला रेघेबद्दल सांगितलं. पान बावन्नबद्दलही. तिने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला तिथेच कळलं?"

"वाटलं. खात्री नव्हती. आता फोन करून सांगू का? तिसराही जळेल."

"जळू दे."

"पण मी नीट सांगितलं नाही. हळू बोललो."

"तुमचा आवाजच तेवढा आहे. ज्याला ऐकायचं असतं त्याला पुरतो." तिने हात पुसले. "रविवारी त्यांच्या अंगणात सगळं मंडळ जमणार. सगळ्यांसमोर तिसरा जळेल. तेव्हा मी गाडी मागणार. त्या माणसाचं तोंड मला माहीत आहे, ते त्यालाच नडेल. तुम्ही फक्त मधे पडू नका. रविवारपर्यंत गप्प बसायचं. जमेल?"

इतरांसाठी मी जन्मभर गप्प बसलोय, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी ती सरकारी कचेरीत जाऊन आली आणि गाडी नावावर करून द्यायचा फॉर्म तिने टेबलावर ठेवला. सगळे रकाने तिच्या गोल अक्षरात भरलेले होते. फक्त देणाऱ्याची सही, तारीख आणि साक्षीदाराची सही बाकी.

शनिवार मला फार जड गेला. चूक दिसली आणि समासात खूण केली नाही, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. एकदा एका चपलांच्या दुकानाच्या पाटीतली चूक मी पत्र पाठवून कळवली होती. आता माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस त्याच चुकीवर तिसऱ्यांदा जाणार होता आणि माझ्याकडे पान क्रमांक होता. दुपारी बायको झोपलेली पाहून मी फोन उचलला.

"कोण, पंडित?" पलीकडे चारपाच जणांचे आवाज होते. "काय म्हणतोय पेपरवेट?" त्यांनी ते आजूबाजूच्यांना ऐकवण्यासाठी म्हटलं होतं; हशा मला ऐकू आला.

"छान आहे," मी म्हणालो, आणि फोन ठेवून दिला. खोटं नव्हतं.

त्यानंतर मला शांत झोप लागली. हे सांगायला बरं वाटत नाही, पण लागली.

रविवारी सकाळी आठला कॅप्टनच्या अंगणात आणि बाहेरच्या रस्त्यावर मिळून नऊ जुन्या गाड्या उभ्या होत्या. मालक टाय लावून आपापले बॉनेट पुसत होते. कॅप्टनच्या अंगावर पांढरा कोट, डोक्यावर टोपी. मेहुणी पायरीवर उभी होती. बायकोच्या खांद्याला तिची मोठी पिशवी होती. ती का जड होती ते मला माहीत होतं.

"या, पंडितही आले," कॅप्टन म्हणाले. "बघा म्हणावं, हाताने काम कसं करतात ते."

लॅपटॉपने तिसरा पंप खोक्यातून काढला. त्याने दिवा लावून पाहिला. मीटर लावला. रेघ आली, त्याने पिना बदलल्या, रेघ गेली. बायको माझ्याकडे बघतही नव्हती, आणि त्यामुळेच मला हलता येत नव्हतं. लाल तार. काळी तार बॉडीला. कॅप्टननी सगळ्यांकडे बघत हात उंचावला आणि किल्ली फिरवली.

चर्र. वास. धूर.

कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. निळ्या गाडीचा मालक, दातांचा निवृत्त डॉक्टर, घड्याळात बघत म्हणाला, "कॅप्टन, पावणेनऊला निघायचंय. यंदा पुढे मी राहू का?"

कॅप्टनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्यांनी टायरला लाथ मारली. "म्हाताऱ्याने गळ्यात मारलेला डबा. अठरा वर्षं सांभाळतोय."

"भाऊजी," बायको पुढे होऊन म्हणाली, अगदी साखर मागावी तशी, "डबा झाला असेल तर मला द्या. बाबांची आठवण म्हणून अंगणात ठेवीन."

"घे," कॅप्टन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आत्ता घे. पण न्यायची कशी? पंडित ढकलणार?"

लोक हसले. त्यांना बरं वाटलं. गेलेला सूर परत आला होता. आणि मग बायकोने पिशवीतून फॉर्म काढला. "इथे सही करा. आणि इथे."

हशा थांबला. कॅप्टननी फॉर्मकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. "हे काय, थट्टेत..."

"शब्द दिलात, कॅप्टन," दातांचा डॉक्टर म्हणाला. त्याला पुढे राहायची घाई होती.

"करा की सही," पायरीवरून मेहुणी म्हणाली. "डबाच आहे ना?"

त्यांनी सही केली. बॉनेटवर कागद ठेवून, मोठ्या झोकदार अक्षरात, उदार माणसासारखी. मी साक्षीदार म्हणून पेन घेतलं आणि थांबलो.

"तारीख चुकलीय," मी म्हणालो. चांगल्या मोठ्या आवाजात. "आज सतरा आहे. तुम्ही सोळा लिहिलंय. खोडून बाजूला छोटी सही करा."

त्यांनी केली. मग मी माझी केली.

बायकोने बाह्या वर सरकवल्या आणि डिकीत वाकली. जळका पंप तिने दोन नट सैल करून बाहेर काढला आणि लॅपटॉपच्या हातात ठेवला. पिशवीतून जुना काढला, नळ्या जोडल्या, तारा आवळल्या. तिला दहा मिनिटं लागली. लॅपटॉप तिच्या शेजारी ओणवा होऊन बघत होता आणि न मागता एकदा त्याने नेमका पाना पुढे केला. ती म्हणाली, "बाळ, पुढे जाऊन बॅटरी बघ. बॉडीला कुठलं टोक आहे?"

तो पुढे गेला आणि बॉनेट उघडून वाकला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "प्लस," तो म्हणाला. अंगणातल्या ज्यांना गाड्यांमधलं कळत होतं त्यांना तेवढ्यातच सगळं कळलं. ते कॅप्टनकडे बघू लागले, आणि ज्यांना कळलं नव्हतं ते शेजाऱ्याला विचारू लागले.

तिने किल्ली फिरवली. टक टक टक टक, आधी भराभर, मग सावकाश, मग गप्प. स्टार्टर ओढला. इंजिन एकदा खोकललं आणि लागलं.

कॅप्टन माझ्याजवळ आले. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून," मी म्हणालो. "पान बावन्न."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी त्याची तयारीही केली होती. पण त्यांनी टोपी काढली, ती दोन्ही हातांत धरली आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, गाडी घ्या. माझं काही म्हणणं नाही. पण आजचा दिवस मला चालवू द्या. सगळ्या गावाला सांगितलंय. परत आलो की किल्ली तुमच्या हातात."

साडूभाऊ. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

बायको स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. हे तिने माझ्यावर सोडलं होतं. आणि त्या क्षणी मला कॅप्टनची खरंच दया आली, हेही खरं. बरं म्हणायला माझे ओठ उघडलेसुद्धा.

"मागे जागा आहे," मी म्हणालो.

हे मी दयेने म्हणालो की छळायला, ते मला नक्की सांगता येणार नाही. बायकोला कळलं असावं, कारण तिने हात मागे नेऊन मागच्या दाराची कडी उघडली.

ते उभे राहिले. लोक बघत होते. मागे राहिले असते तर रिकाम्या पोर्चमध्ये, जळक्या वासात, तीन मेलेल्या पंपांशेजारी. त्यांनी टोपी पुन्हा घातली आणि मागे बसले. मी पुढे, बायकोच्या शेजारी. दार मला नीट लावता आलं नाही. तिने माझ्यावरून हात घालून लावलं.

आम्ही पहिल्या गाडीच्या जागेवरून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, मुलं हात हलवत होती. कोपऱ्यावर वळण आलं आणि बायको जरा वेगात होती. माझ्या मागून बुटाचा आवाज आला, गाडीच्या तळावर जोरात टेकवलेल्या उजव्या पायाचा.

मागे ब्रेक नसतो. पुढच्या वळणावर तो आवाज पुन्हा आला.